कच्चं लिंबू किती दिवस?

(सामुदायिक रेडिओवर झालेल्या भाषणाचा मजकूर)

आम्ही पेण आणि रोहा तालुक्यातल्या बचत गटांच्या समन्वयक. या कार्यक्रमात आपण एरवी कर्ज, बँक, पापडाचा भाव, असलंच बोलतो. आजचा विषय जरा निराळा आहे. गेले दोन-तीन महिने बैठकीला गेलो की हिशोबाची वही मिटली तरी बाया उठत नाहीत, आणि बोलणं पोरांवर येतं. "ताई, आमचा कोणात मिसळतच नाही." "आमची सगळ्यांना मारते हो." "घरात पोपटासारखा बोलतो आणि अंगणवाडीत तोंड उघडत नाही." तेव्हा आज तीन ते सहा वर्षांच्या मुलांबद्दल बोलू. ती चार माणसांत वावरायला कशी शिकतात, आपण त्यात काय हातभार लावतो आणि कुठे आड येतो, याबद्दल.

आधी तुमच्या गटाची पहिली बैठक आठवून बघा. गोल करून बसा म्हटलं तर निम्म्या जणी भिंतीला टेकून, पदर तोंडाशी. स्वतःचं नाव सांगा म्हटलं की शेजारणीकडे बघायचं. अमक्याची आई, तमक्याची सून, सगळं सांगून व्हायचं, पण स्वतःचं नाव ओठावर येत नसे. एक बोलायला लागली की चार जणी एकदम बोलायच्या. कर्ज हवं असलं तर थेट मागायचं नाही, दुसरीला पुढे करायचं. आणि एखादी गोष्ट पटली नाही तर तसं सांगण्याऐवजी पुढच्या बैठकीला यायचंच नाही. आज त्याच बाया बँकेतल्या साहेबाला विचारतात, "आमचा अर्ज कुठे अडला ते दाखवा." हे कुणाच्या भाषणाने झालं नाही. दर आठवड्याला त्याच गोलात बसून झालं. आपलं नाव सांगणं, दुसरीचं बोलणं पुरं होईपर्यंत थांबणं, हवं ते मागणं, नको त्याला नाही म्हणणं, आणि भांडण झालं तरी पुढच्या मंगळवारी परत येऊन बसणं.

मुलांना शिकायचं आहे ते हेच. आपल्याला ते तिशी-पस्तिशीत शिकावं लागलं, त्यांना तिसऱ्या-चौथ्या वर्षी येऊ शकतं. पण त्यासाठी गोल लागतो, आणि त्यात बसायला मिळावं लागतं.

पूर्वी असा गोल आपोआप मिळायचा असं म्हातारी माणसं सांगतात. ते अगदीच खोटं नाही, पण त्यावर रडत बसण्यातही अर्थ नाही. आपलं काम बदललं आहे. हमरापूर, जोहे या बाजूला गणपतीचे कारखाने आहेत. जेठ-आषाढ आला की बाया सकाळी जातात त्या दिवे लागल्यावर घरी येतात. रंगकाम, डोळ्यांची आखणी, दागिन्यांना सोनेरी लावणं. हात गुंतलेला आणि मूल पायाशी. ओल्या रंगाला बोट लागलं की दिवसाची मेहनत गेली. मग पोराच्या हातात मोबाइल. पोह्याचे पापड आणि मिरगुंडं करणाऱ्या घरांत तेच. रोह्याकडे नवरा धाटावच्या कारखान्यात पाळीवर, सासू शेतावर, घरात सून आणि मूल दोघंच. तिथेही मोबाइल. आम्ही यात कुणाला दोष देत नाही. जिचे दोन्ही हात पिठात आहेत तिला "मुलाशी गप्पा मारा" असं सांगणारी माणसं आम्हाला फारशी आवडतही नाहीत.

पण मोबाइलला काय जमत नाही तेही बघायला हवं. मोबाइल कधी म्हणत नाही, "आता माझी पाळी." तो रुसत नाही, ढकलत नाही. चित्र नकोसं झालं तर बोटाने सरकवलं की गेलं. समोरचा पोरगा असा सरकवता येत नाही. त्याला राग आलाय की रडू येतंय, हे त्याच्या तोंडाकडे बघूनच कळतं, आणि त्यासाठी ते तोंड समोर असावं लागतं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली सांगितलं की एक वर्षाच्या आतल्या बाळाला मोबाइल-टीव्ही दाखवूच नये, आणि दोन ते चार वर्षांच्या मुलाला दिवसाकाठी एक तासाहून जास्त नको, जितका कमी तितका बरा. हे एका तासाचं गणित कारखान्याच्या दिवसांत जमत नाही, ते आम्हालाही ठाऊक आहे. एका गटातल्या पाच जणींनी मात्र त्यावर वाट काढली. रोज दुपारी एकीने घरी राहायचं, पाचही घरांची पोरं तिच्या ओट्यावर, आणि तिची त्या दिवसाची बुडालेली मजुरी बाकीच्या चौघींनी भरून द्यायची. दोनदा हे मोडलं, पैशांवरूनच. तिसऱ्यांदा सगळं वहीत लिहून सह्या घेतल्या, तेव्हा गणपतीपर्यंत टिकलं. पोरं किती शहाणी झाली ते आम्ही मोजलं नाही. पण आता त्या ओट्यावर कुणी बोलवायच्या आतच ती जमलेली असतात.

वयाचं एक ध्यानात असू द्या. दोन वर्षांची दोन मुलं एका ओट्यावर बसवली तर ती एकमेकांबरोबर खेळत नाहीत, एकमेकांशेजारी खेळतात. एक मातीत काडी ओढतं, दुसरं करवंटीत खडे भरतं. मध्येच एक जण करवंटी ओढतो आणि रडारड होते. हे वाईट वळण नव्हे. "माझं" म्हणजे काय हेच नुकतं कळलेलं, त्याला "आपलं" कुठून कळणार? तीन-साडेतीनला पाळी कळू लागते, तीही थोडा वेळ. चार-पाचच्या सुमाराला भातुकली रंगते, "तू आई हो, मी दुकानवाला" सुरू होतं. आपल्या मनात आहे त्याहून वेगळं दुसऱ्याच्या मनात असू शकतं, हेही त्याच वयाच्या आसपास उमजायला लागतं. म्हणून दोन वर्षांच्या पोराला अप्पलपोटा म्हणू नका. आणि पाच वर्षांचं पोर रोज हिसकावून घेत असेल तर "लहान आहे हो" म्हणून सोडूनही देऊ नका.

आता कच्च्या लिंबाकडे येऊ. लगोरी, लंगडी, पकडापकडी, कुठलाही खेळ घ्या. मोठ्या पोरांत एखादं धाकटं भावंड घुसतंच. त्याला हाकलावं तर आई ओरडेल, घ्यावं तर खेळ बिघडेल. मग पोरं ठरवतात, "हा कच्चं लिंबू." म्हणजे तो सगळ्यांबरोबर पळेल, पण त्याच्यावर राज्य येणार नाही, आउट झाला तरी आउट धरायचा नाही. हा कायदा कुठल्या मास्तराने केलेला नाही, सरकारनेही नाही. पोरांनीच केला, आणि आपल्या आजीच्या आधीपासून तो चालत आलाय. दुबळ्याला सामावून घ्यायची इतकी साधी रीत मोठ्या माणसांना काही सुचलेली दिसत नाही.

कच्चं लिंबू पळता पळता खेळ शिकतं. आणि मग एका संध्याकाळी तेच पोर कमरेवर हात ठेवून म्हणतं, "मी नाही कच्चं लिंबू. माझ्यावर पण राज्य द्या." हे आम्ही कितीदा पाहिलंय, दरवेळी बघत उभं राहावंसं वाटतं. राज्य घ्यायचं म्हणजे हरायला तयार व्हायचं, सगळ्यांनी चिडवलं तरी खेळ सोडून घरी पळायचं नाही.

नेमकं इथेच आपण मध्ये येतो. पोर आउट झालं, रडत आलं, की आपण पदर खोचून बाहेर. "का रे, माझ्या सोन्याला का आउट केलं?" झालं. दुसऱ्या दिवसापासून ती पोरं त्याला घेत नाहीत, आणि घेतलंच तर कायमचं कच्चं लिंबू. घरी आजीही सापशिडीत मुद्दाम हरते. अधूनमधून हरा, पण रोज नको. घरात कधीच न हरलेल्या पोराला बाहेर हरणं फार जड जातं.

हे झालं लाडाचं. आता बोलायचं आहे ते ऐकायला थोडं जड आहे, पण रेडिओ बंद करू नका.

आपल्या दोन्ही तालुक्यांत कातकरी वाड्या आहेत, हे तुम्हाला सांगायला नको. दिवाळी झाली की वाडीच्या वाडी वीटभट्टीवर नाहीतर कोळशाच्या भट्टीवर निघून जाते आणि पावसाच्या तोंडावर परत येते. मुलं आईबापांबरोबर. अंगणवाडीत बाकीच्या पोरांची गट्टी जमते त्याच महिन्यांत ही मुलं तिथे नसतात.

गेल्या जेठात एका अंगणवाडीत अशीच एक मुलगी आली. वय चार-साडेचार. तीन आठवडे ती दाराशीच बसली. खाऊ घ्यायची, कुणी बोललं की खाली बघायची. पोरं तिला मुकी म्हणायला लागली. मुकी कसली, धाकट्या भावाशी घडाघडा बोलत होती, पण कातोडीत. अंगणवाडीत बोलतात ती मराठी तिच्या कानाला फारशी सवयीची नव्हती. खेळात तिला कुणी कच्चं लिंबूसुद्धा केलं नाही. का केलं नाही म्हणून आम्ही पोरांनाच विचारलं. एक मुलगा सरळ म्हणाला, "आई म्हणते तिला शिवू नको. वास येतो."

मैत्रिणींनो, हे वाक्य त्या पोराचं नाही. चार वर्षांचं मूल मातीत लोळतं, शेणात हात घालतं, कुत्र्याची पिल्लं उराशी धरतं. त्याला माणसाचा वास येत नसतो. तो आपण शिकवतो, आणि बरेचदा एक शब्द न बोलता. वाडीवरची बाई ओट्यावर आली की आपण अंथरलेली चादर गोळा करतो. पाणी द्यायचं तर पेला वेगळा काढतो. पोर कोपऱ्यात बसून बघत असतं. एकीकडे आपण त्याला "थँक्यू म्हण, प्लीज म्हण" शिकवतो, आणि दुसरीकडे हे. त्या गावच्या गटात आम्ही ही गोष्ट काढली तेव्हा दोघी रागावल्या, आणि एक तर उठूनच गेली. पुढच्या बैठकीला ती आली, हेही सांगायला हवं.

अंगणवाडीताईंनी मात्र जे केलं ते आम्हाला फार आवडलं. त्यांनी पोरांना उपदेश केला नाही. त्या मुलीशेजारी बसून चित्रं दाखवत विचारू लागल्या, "तुमच्यात याला काय म्हणतात?" पाऊस, चूल, कोंबडी. चार दिवस उत्तर नाही. पाचव्या दिवशी खेकड्याचं चित्र आलं. तिने शब्द तर सांगितलाच, वर तो बिळातून नांगी चुकवून कसा काढायचा तेही हाताने करून दाखवलं. आणि पोरांचा घोळका जमला! खेकडा धरता येणं ही आपल्या पोरांत केवढी मोठी गोष्ट आहे, ते तुम्हाला माहीत आहे. त्या दिवसापासून इतरांना हवंसं काहीतरी तिच्यापाशी होतं. मग ताईंनी जोडीने करायची कामं काढली. बादली दोघांनी धरून आणायची, सतरंजी दोघांनी झटकून घडी घालायची, आणि जोड्या रोज बदलायच्या. सतरंजीचं एक टोक सोडलं तर घडी होतच नाही. "शिवू नको" सांगून पाठवलेल्या त्या मुलालाही एक दिवस तिच्यासमोरचं टोक धरावं लागलं, आणि घडी करता करता दोघांचे हात लागले. काही झालं नाही. त्याने घरी जाऊन काय सांगितलं ते आम्हाला कळलं नाही.

मुलापर्यंत जाण्याची ही रीत जुनी आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला मुलांचं काम सुरू केलं, तेव्हाच्या ठाणे आणि आताच्या पालघर जिल्ह्यात. बालवाडी उघडली तरी गरीब वस्तीतली मुलं तिथवर येईनात. तेव्हा या बाया वस्तीत गेल्या आणि तिथल्या अंगणातच वाडी भरवली. आपण रोज अंगणवाडी म्हणतो त्यातलं अंगण हे असं आलं. १९५७ साली काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं, आदिवासी मुलांमध्ये. मुलं गुरं राखायला जातात ना, मग शाळाच कुरणात नेली, तिला नाव दिलं कुरणशाळा. मोठी बहीण धाकट्याला सांभाळते म्हणून शाळेत येत नाही, तर पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणली, ती विकासवाडी. सरकारची एकात्मिक बालविकास योजना आली ती पुष्कळ नंतर, २ ऑक्टोबर १९७५ ला, देशात ३३ ठिकाणी. आपल्या गावची अंगणवाडी त्याच योजनेतली.

आता वाटून घेण्याबद्दल. "दे बाळा, दे त्याला," हे आपल्या तोंडी सारखं असतं. पण ते कुणाला सांगतो आपण? एक दिवस कान देऊन ऐका. बहुतेक वेळा मुलीला. "तू ताई आहेस ना? दे भावाला." ताई साडेपाच वर्षांची, भाऊ चारचा. तिच्या हातातलं काढून त्याला दिलं, आणि आपण शेजारणीला सांगतो, आमची मुलगी फार समजूतदार. ती समजूतदार झालेली नाही, गप्प झाली आहे. आणि मुलगा शिकला की मोठ्याने ओरडलं की मिळतं. बैठकीसाठी बाजूला ठेवलेली बचत मंगळवारच्या आधीच घरातल्या घरात कशी नाहीशी होते, हे ज्यांनी पाहिलंय त्यांना यापुढचं सांगायला नको.

याउलट एक गोष्ट आपल्याच पेण तालुक्यातली, गागोद्याची. विनोबा भाव्यांचा जन्म तिथला, ११ सप्टेंबर १८९५ चा. घरचा फणस पिकला की लहान विन्याचा सगळा जीव त्या गऱ्यांवर. पण आई रुक्मिणीबाई आधी शेजाऱ्यांचे वाटे काढायच्या आणि ते पोचवायला त्यालाच पाठवायच्या. सगळ्या घरी देऊन आला की मग त्याला बसवून गरे द्यायच्या. ही आठवण विनोबांनीच सांगून ठेवली आहे. पुढे हाच माणूस भूदान मागत देशभर पायी फिरला. फणसामुळेच फिरला असं आम्ही म्हणणार नाही, असल्या गोष्टी जुळवायला सोप्या असतात. आम्हाला त्यातलं भलतंच काही महत्त्वाचं वाटतं. पोराच्या हातातलं काढून दुसऱ्याला दिलं नव्हतं. देण्याचं काम त्याचं होतं. दारात उभं राहून हाक मारायची, वाटा पुढे करायचा, कुणी काही विचारलं तर दोन शब्द बोलायचे. आणि शेवटी त्याचा वाटा त्याला मिळायचा, देऊन आला म्हणून तो रिकामा राहात नसे.

दिवाळी आलीच आहे. फराळाची ताटं जातील घरोघर. ताट आईने धरायचं आणि पोराने पदराला लोंबकळायचं, त्याऐवजी ताट पोराच्या हाती देऊन बघा. हाक त्यालाच मारू दे, "काकू, फराळ आणलाय" त्यालाच म्हणू दे. सांडेल, तर सांडू द्या. लाडूच आहेत, आमटी नाही. आणि मुलग्याच्या हाती द्या बरं का, मुली देतच असतात.

भांडणांचं काय करायचं, हाही प्रश्न सगळीकडे आला. पोरांची कट्टी अर्ध्या तासाची. बोटाला बोट लागलं की बट्टी. आपली कट्टी मात्र ग्रामपंचायतीच्या मागच्या निवडणुकीपासून चालू आहे, काहींची तर बांधावरून सासऱ्याच्या काळापासून. "त्या घरात खेळायला जायचं नाही," एवढंच पोराला कळतं, का ते कळत नाही. आपलं वैर आपल्यापाशी ठेवावं. पोरांना वारसा म्हणून द्यायला शेतजमीन आधीच कमी आहे, त्यात हे कशाला.

दोन पोरं भांडत असली तर लगेच धावू नका. दगड, काठी, दात निघाले तर धावाच. नाहीतर थोडं थांबा, पुष्कळदा मिटतं. नाही मिटलं तर जवळ जाऊन खाली बसा. आधी एकाचं ऐका, मग दुसऱ्याचं, आणि एक बोलत असताना दुसऱ्याला थांबवा, जसं बैठकीत आपली अध्यक्ष थांबवते तसं. "कुणी सुरू केलं?" हे विचारण्यात हशील नाही, त्याचा तपास पोलिसांनाही लागायचा नाही. "आता काय करू या?" असं विचारा. पोरं मोठे मजेशीर निवाडे करतात. एका अंगणात तीनचाकी सायकल एक आणि बसणारे दोघे. ठरलं काय, तर एकाने बसायचं, दुसऱ्याने मागून ढकलायचं, आणि तुळशीशी आलं की बदली. आपल्याला हे सुचलं नसतं, आपण सायकल माळ्यावर टाकली असती. आणि कान धरून "सॉरी म्हण" वदवून घेऊ नका. पाडलं असेल तर उठवायला हात दे म्हणावं, सांडलं असेल तर गोळा करायला लावावं. सॉरी मग आपसूक येतं, नाही आलं तरी चालतं.

पाहुणे आल्यावरचा तमाशाही थोडा कमी करू या. "नमस्कार कर, गाणं म्हणून दाखव, मामाला पापा दे." मूल आईच्या पाठीमागे लपतं, आणि आपण त्याच्यादेखत सांगतो, "फार बुजरा आहे हो." चार वेळा ऐकलं की पोर तेच खरं धरून चालतं. बुजणं हा काही रोग नाही. काही पोरांना नव्या माणसाशी जुळायला वेळ लागतो, तेवढा द्यावा. (मात्र वर्षानुवर्षं घराबाहेर शब्दच निघत नसेल, किंवा हाक मारली तरी मूल वळून बघत नसेल, तर अंगणवाडीताईंना सांगून डॉक्टरला दाखवून घ्या. त्यात लाज नाही.) नमस्कार दुरून केला तरी पोचतो. पण पापा आणि मांडीवर बसणं, हे मूल नको म्हणालं तर नकोच. मामा रुसला तर रुसू दे. चारचौघांत वावरता येणं म्हणजे सगळ्यांचं निमूट ऐकणं नव्हे. ज्याचं "नको" घरात चालतं ते मूल बाहेर कुणी नकोसा हात लावला तर नको म्हणू शकतं, आणि घरी येऊन सांगू शकतं. तसं काही कानावर आलंच तर १०९८ हा मुलांसाठीचा मोफत फोन आहे, दिवसरात्र चालतो. गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

हे सगळं आईनेच का करायचं, असं रोह्याकडच्या एका बैठकीत एकीने विचारलं. बरोबर विचारलं. पाळी संपवून आलेल्या बापानेही पोरांबरोबर पकडापकडी खेळावी आणि राज्य घ्यावं. आज संध्याकाळी हा कार्यक्रम पुन्हा लागेल तेव्हा आवाज थोडा मोठा ठेवा.

आणि आता थंडी येईल, म्हणजे पोपटी आली. यंदा एक पोपटी पोरांची करा. जाळाजवळचं काम मोठ्यांचं, बाकी पोरांचं. भांबुर्ड्याचा पाला दोघांनी मिळून आणायचा, वालाच्या शेंगा तिघांनी निवडायच्या, सगळ्यात धाकट्याने मीठ-ओवा चोळायचा, एकीने बटाटे मोजायचे. मडकं भरून उपडं घातलं आणि भोवती जाळ केला की वाट बघायची. वास सुटतो, पण मडकं उघडायचं नसतं. वाट बघायला शिकवणारी याहून चांगली शाळा आम्हाला माहीत नाही. मग वाटप पोरांनीच करायचं. अंडी पाच आणि पोरं सात असली तर उत्तमच, मोठ्यांनी मध्ये बोलायचं नाही. आणि वाडीवरची पोरं बोलवा. त्यांना यातलं आपल्यापेक्षा जास्त कळतं.

अर्थात तोपर्यंत ती वाडीवर असतील तर. ती खेकडेवाली मुलगी पावसाळाभर रोज आली. भादव्यात एके दिवशी पकडापकडीत तिच्यावर राज्य आलं आणि पोरं नेहमीसारखी ओरडत पळाली, म्हणजे ती आता कच्चं लिंबूही उरली नव्हती. पण तिच्या बापाने भट्टीची उचल घेतलेली आहे. दिवाळीनंतर टेम्पो येणार. ती गेली की पुढच्या जेठात पुन्हा दाराशी बसणार, पुन्हा पहिल्यापासून. म्हणून गटातल्या तिघी जणी गेल्या आठवड्यात वाडीवर जाऊन आल्या. त्यांत त्या दिवशी उठून गेलेलीही होती. मुलीची आजी मागे राहणार आहे, तर पोरीला तिच्यापाशी ठेवता येईल का, असं विचारलं. आई म्हणाली, "म्हातारी सांभाळेल, पण खायला काय घालेल?"

तिचा प्रश्न चुकीचा नाही. अंत्योदय कार्डावर महिन्याला ३५ किलो धान्य मिळतं, पण कार्ड एकच. ते आजीपाशी राहिलं तर भट्टीवरच्यांनी काय खायचं? येत्या मंगळवारी गट यावरच बसणार आहे. धान्य कुणी किती द्यायचं, आजीला बरं नसलं तर पोरीला कुणाच्या घरी झोपवायचं, आणि त्या घरातल्यांना ते चालणार आहे का, हे सगळं वहीत लिहून ठरवायचं आहे. जमलं नाही तर मुलगी कुठल्या गावच्या भट्टीवर जाते ते अंगणवाडीताई नोंदवून घेतील, म्हणजे तिथल्या अंगणवाडीत नाव घालण्यासाठी तिथल्या ताईंना फोन करता येईल.

तुमच्या गावातूनही वाड्या निघतील. टेम्पो यायच्या आधी ताईंना घेऊन एकदा जाऊन या. सहा वर्षांखालची मुलं किती, कुठे जाणार, मुकादम कोण, परत कधी, एवढं लिहून घ्या. कुणाच्या गटाने एखादं मूल मागे ठेवून घेतलं असेल, तर खर्चाचा मेळ कसा बसवला ते आम्हाला कळवा. मंगळवारच्या आत कळवलंत तर त्या बैठकीत वाचून दाखवू.